झाडं नसलेला रस्ता

मी रस्त्यांवरच्या दिव्यांचे आराखडे काढते. माणसं ओळखण्यात मात्र कच्ची आहे, हे चेन्नईत कळलं.

एग्मोरच्या ऑफिसात माझे वरिष्ठ तंजावरकडचे मराठी होते. त्यांची जुनी, तमिळ हेलाची मराठी पहिल्याच दिवशी कानावर पडली आणि साताऱ्याहून एकटी आलेली मी विरघळले. त्यांना मामा म्हणू लागले, दर रविवारी त्यांच्या घरी जेवू लागले. आपल्या भाषेचा माणूस आपल्याला दगा देणार नाही, असं मी खुशाल धरून चालले होते. कुणी सांगितलं होतं, कोण जाणे.

काम शहरातल्याच तिरुवल्लिकेणी भागातल्या एका रस्त्याचं होतं. दोन्ही कडांना जुनी, पसरलेली झाडं आणि बसथांब्यासमोर रस्ता ओलांडायचे पट्टे. तिथे एक बाई मोगरा विकायची. दिवेलागणीनंतर टोपली काखेत घेऊन ती पलीकडच्या बसला जायची आणि एखादी मोटारसायकल तिच्या अंगावर येता येता राहायची. मी त्यांना दिसतच नाही, म्हणायची. नवे दिवे लागले की दिसशील, असा मी तिला शब्द दिला.

आमच्या संगणकाला झाडं कळत नाहीत. तो रस्ता बोडका धरतो आणि भरपूर उजेड दाखवतो. झाडं आपण भरायची असतात. मी दोन दिवस टेप घेऊन एकेका झाडाचा पसारा मोजला. टेपचं दुसरं टोक त्या बाईनेच धरलं. मग खांब बुटके केले, दिवे पानांच्या खाली येतील असे. पट्ट्यांपाशी एक खांब गाड्या येतात त्या बाजूला थोडा अलीकडे घेतला. दिवा बरोबर डोक्यावर असला तर माणसाची नुसती टाळू उजळते, समोरून तो काळाच राहतो. मामांनी आराखडा पाहून पाठ थोपटली आणि मी आठ दिवस गावी गेले.

परत आले तर आराखडा काम देणाऱ्या ग्राहकाकडे गेलेला. त्यात एकही झाड नव्हतं. संगणकातला झाडांचा थर, म्हणजे लेयर, बंद करून टाकला होता आणि खांब पुन्हा उंच झाले होते. खाली ‘आराखडा’ या चौकटीत माझं नाव होतं, ते ठीकच. पण ‘तपासणी’च्या चौकटीत नेहमी मामांचं असायचं, तिथेही माझंच.

मी त्यांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिले. उंच खांबांची ऑर्डर केव्हाच गेली होती, असं त्यांनी शांतपणे सांगितलं.

“झाडें दाखवलीं तर ते खांब पास होत नाहींत, मा,” ते म्हणाले. “तूं लेकरू आहेस. कोण बघतें?”

केसाने गळा कापला, आणि वर लेकरू म्हणाले. मला त्या शब्दाचाच जास्त राग आला. मी ग्राहकाला लेखी कळवलं. उत्तर आलं, तपासणी तुमच्याच नावाची आहे आणि काम सुरू झालं आहे. त्या रविवारी मामींचा फोन आला, जेवायला का आली नाहीस म्हणून. डोकं दुखतंय म्हटलं.

दिवे लागले त्या संध्याकाळी मी थांब्यावर गेले. बाईने माझ्यासाठी गजरा बाजूला काढून ठेवला होता. वर पानं हिरवीगार झळकत होती आणि खाली पट्टे दिसत नव्हते. ती बराच वेळ वर बघत राहिली.

“कावळ्यांची सोय झाली,” ती तमिळमध्ये म्हणाली. मग माझ्याकडे वळली. “नकाशा तूच काढलास ना?”

मामांचं नाव अगदी ओठांवर आलं होतं. पण कागदावरच्या दोन्ही चौकटींत मीच होते. मी हो म्हटलं.

तिने गजरा परत टोपलीत ठेवला, मोबाइलचा टॉर्च लावला आणि रस्त्यात उतरली.