मोसंबीच्या सालीची पूड

आमच्याकडं आजारी माणसाला बघायला जाताना मोसंबी न्यायची, हा नेम. आईच्या गालात कॅन्सरची गाठ निघाली आणि भवानीनगरजवळच्या आमच्या घरात मोसंब्यांचा ढीग लागला. तिचं तोंड सोललेलं, साधं वरणसुद्धा झोंबायचं, आणि येणारा जाणारा उशाशी मोसंब्यांची पिशवी ठेवून जायचा. मला सगळ्यांचाच राग यायचा.

पुण्याला रेडिएशनचे शेक देऊन झाले होते. "आता घरीच ठेवा," डॉक्टर म्हणाले. मी बारामतीला राहून कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचो, पण घरी ठेवून करायचं काय, हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

तशात पेपरच्या पुरवणीत वाचलं की संत्र्या-मोसंबीच्या सालीत लिमोनीन असतं आणि त्यानं प्रयोगातल्या उंदरांच्या गाठी आटल्या. लिमोनीन! दरवर्षी प्रात्यक्षिकाला पोरांकडून तेच तेल काढून घेऊन मी मोरीत ओतून द्यायचो. उंदराला लागू पडलं म्हणजे माणसाला पडेलच असं नाही, हे वर्गात मीच ठणकावून सांगितलं असतं. पण हातात दुसरं काही नव्हतं.

मी साली सावलीत वाळवल्या, कारण उन्हात तेल उडून जातं. एवढी अक्कल होती. मग त्या कुटून पूड केली. आई लग्नापासून मिश्री लावायची, भाजलेल्या तंबाखूची ती काळी पूड बोटानं हिरड्यांवर चोळायची. ती मी उकिरड्यावर फेकली, डबी घासली आणि तिच्यातच सालीची पूड भरली.

"आये, ही गाठीवर लाव. दोन टायमाला. मिश्री लावतीस तशीच."

"झोंबंल न्हवं?"

"झोंबलं तरी लाव. गुण यील."

दर शनिवारी मी एसटीनं यायचो, बॅटरी लावून तिच्या तोंडात बघायचो. "कमी हाय का?" विचारलं की ती होय म्हणून मान हलवायची. डबी रिकामी झालेली असायची. मी हुरळून आणखी साली वाळत घालायचो.

एकदा सुट्टी मिळाली म्हणून मधल्या वारीच घरी गेलो. परसात शेजारची काकू आईच्या तळहातावर मिश्री ओतत होती. माझं डोकंच फिरलं. "जगायचं न्हाय का तुला?" मी आईवर ओरडलो.

आईला आता बोलता येत नव्हतं. काकूच म्हणाली, "वरडू नगंस तिच्यावर. तुझ्या पुडीनं तोंड पेटतं तिचं. आदी मिशरीनं बधिर करती, मग तुझं आवशिद लावती. मागं मला म्हनली व्हती, पोरानं यवढं केलंय, त्येला न्हाय कसं म्हनू?"

मी काही बोलायच्या आत आईनं डबी उघडली. सालीची पूड बोटावर घेतली आणि मला दिसेल अशी गालात चोळली. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

तिचा हात धरायला हवा होता. मी धरला नाही. गुण येईल, असं मला अजूनही वाटत होतं.