वारा पडलेली दुपार

अमरावतीच्या आमच्या कॉलेजात, विंड टनेलमधला वारा कसा वळतो ते दिसावं म्हणून मी विमानाच्या छोट्या नमुन्यावर दोऱ्याचे तुकडे चिकटवते. काल दोरा संपला म्हणून कापूस पिंजायला घेतला आणि अकोटकडचं आमचं खळं आठवलं.

तूर उपणून भुसा उडवायचा होता. आई टोपलं घेऊन तिव्यावर, उपणायच्या उंच तिपाईवर, चढलेली. बाबांनी चिमटीतला कापूस सोडला, तो सरळ पायाशी पडला.

“वारा पडला. बस जराशी.”

“माही एसटी जाईन ना, बाबा!”

“मंग वाऱ्याले का हाका मारू?”

तिघंही निंबाखाली बोरं खात बसलो. तासभर मी कुरकुरत होते.

आता आई-बाबा नाहीत. वारा मात्र बटण दाबलं की येतो.

“मॅडम, सुरू करू का?” मुलांनी विचारलं.

“बसा जराशी,” मी म्हणाले.