तीन चित्रकार आणि एक कपड्यांचा स्टँड

प्रदर्शनाचा स्टॉल उतरवला की आमची चित्रं बहुतेक गेली तशीच घरी परत येतात. किस्से मात्र दर वर्षी वाढून येतात! अंधेरीच्या एका हॉलमध्ये आर्ट फेअर भरतो, तिथे आम्ही तिघं मिळून एक स्टॉल घेतो. एकेकट्याला कुठला परवडायला! मी बोरीवलीची, पक्षी रंगवते. शिरीष माझ्याच सोसायटीतला, जुन्या इमारती काढतो आणि स्वतःला इंजिनिअर समजतो. तिसरी वंदना, मानखुर्दची. पवईच्या एका ऑफिसात अकाउंट्स बघते, आणि आमच्यातली खरी चित्रकार तीच. हे तिच्या तोंडावर बोलायचं नाही, लगेच रडते.

*

पहिल्या वर्षी डिस्प्लेचे पॅनेल भाड्याने घ्यायची ऐपत नव्हती. शिरीष म्हणाला, "टेन्शन घेऊ नका," आणि घरचा कपडे वाळत घालायचा स्टँड उचलून आणला. चिमटे लावून चित्रं टांगली. खरं सांगते, झकास दिसत होतं!

संध्याकाळी एक बाई आल्या. खाली वाकून, मान वाकडी करून बराच वेळ बघत राहिल्या.

"कितीला आहे हो?"

"कुठलं मॅडम? हे पोपटाचं?"

"छे! स्टँड. गंजत नाही ना?"

बाई गेल्यावर शिरीष म्हणाला, "पुढच्या वर्षी स्टँडच विकू या. चित्रं टांगू सजावटीला!"

*

पुढच्या वर्षी शहाणे झालो. सोसायटीच्या गणपतीचं लाल मखमली कापड, पायऱ्या आणि फोकस लाइट मागून आणले. पायऱ्यांवर चित्रं, मागे मखमल, समोर सतरंजी.

तासाभरात बघतो तर स्टॉलबाहेर चपलांचा ढीग! येणारा प्रत्येक माणूस चपला काढूनच आत येत होता. एका आजोबांनी तर हळूच विचारलं, "मूर्ती कधी येणार?"

"विसर्जन झालं, आजोबा!" शिरीष म्हणाला.

आजोबांनी तरीही माझ्या बगळ्याला नमस्कार केला.

चपला बघून बाकीचे लोकही "इथे काय आहे रे?" करत वळायला लागले. अख्ख्या हॉलमध्ये सगळ्यात जास्त गर्दी आमच्याकडे! वंदना माझ्या कानात म्हणाली, "उद्या घरून चार जोड घेऊन येऊ का गं?"

*

मग आम्ही व्हिजिटिंग कार्डं छापली. कोणी मागेना. टेबल मात्र डुगडुगत होतं, म्हणून शिरीषने अख्खा गठ्ठाच त्याच्या पायाखाली सारला. टेबल एकदम स्थिर.

शेवटच्या दिवशी एका गृहस्थांनी कार्ड मागितलं. आनंदाच्या भरात वंदनाने टेबल उचललं आणि खालचं कार्ड ओढलं. वरच्या फ्रेम, माझा डबा, शिरीषचं ताक, सगळं जमिनीवर! गृहस्थ ताकातून पाय उचलत म्हणाले, "राहू दे, फोटो काढून घेतो."

*

यंदा मात्र वंदना आली तीच तोंड पाडून. "एकही चित्र गेलं नाही ना, तर बस झालं यार. ब्रश बंद. आई बरोबर बोलते."

तिची आई काय बोलते ते आम्हाला पाठ होतं. घर एका खोलीचं, चित्रं सगळी पलंगाखाली. "तिथे मला झाडू मारता येत नाही. यातलं एक तरी कुणी नेऊ दे!" एका चित्रात त्यांच्या दाराजवळचा निळा पाण्याचा ड्रम आहे, वर उपडा स्टीलचा मग, बाजूला आईच्या चपला. ते बघून काकू म्हणाल्या होत्या, "ड्रम कशाला काढलास? घरात आहे की!"

यंदा त्या पहिल्यांदाच फेअर बघायला आल्या. "जय भीम" म्हणाल्या, आमच्या हातावर एकेक चकली ठेवली आणि खुर्ची ओढून थेट त्या ड्रमसमोर बसल्या.

शेवटची दुपार. वंदनाचं एकही चित्र गेलेलं नाही. मला तर तिच्याकडे बघवेना. ती चहा आणायला गेली. शिरीष पलीकडच्या स्टॉलवर लोकांच्या फ्रेम सरळ करत होता, त्याला कोणी बोलावलं नव्हतं. मी डबा धुवायला गेले. स्टॉलवर एकट्या काकू.

आम्ही दोघी एकदमच परत आलो. भिंतीवर ड्रमची जागा रिकामी! वंदनाच्या हातातला चहा सांडला. "आई, गेलं? कोणी घेतलं?"

"एक बाई आली होती. चांगली होती. पैसेसुद्धा काढले होते तिने."

"मग चित्र कुठे आहे?"

काकूंनी मांडीवरचा पदर बाजूला केला. खाली ड्रम.

"नाही म्हटलं तिला. घरातली वस्तू अशी कुणालाही देतात का?"

"अगं आई! पहिलं गिऱ्हाईक होतं माझं! आणि तूच म्हणतेस ना, झाडू मारता येत नाही म्हणून?"

काकूंनी पदर परत चित्रावर ओढून घेतला.

"झाडू मी मारते ना? मी वाकून मारीन. तू दुसरं काढ."