ओवाळणीत औली

माझ्या मोठ्या बहिणीला, इंदिराताईला, आयुष्यात एकच गोष्ट हवी होती आणि तीही तिनं स्वतः कधी मागितली नाही. मी मागितली. त्याचे भोग मात्र तिनं भोगले. हे लिहिताना मला राग येतो आहे आणि तो लपवायचा माझा मुळीच विचार नाही.

ताई जबलपूरला, कांचघर भागात राहते. वय पंचेचाळीस, उंची बेताची, आवाज त्याहून बेताचा. गल्लीतल्या बायकांच्या साड्यांना फॉल लावते, पिको करते. मुलगी समृद्धी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीत येतं. आणि नवरा नथ्थू, म्हणजे माझे जिजाजी. तोंडावर मी त्यांना अहो-जाहो करते, पण इथे लेखणी माझी आहे, इथे तो 'तो'च राहील.

नथ्थू अधारतालच्या पुढे मटार गोठवायच्या कारखान्यात कोल्ड रूम सांभाळतो. हिवाळाभर पाटण-शहापुऱ्याकडून ट्रक येतात, मटार सोलला जातो, गोठवला जातो आणि वजा वीस डिग्रीच्या खोलीत छतापर्यंत रचला जातो. बावीस वर्षं त्या खोलीत आत-बाहेर करून त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं मेली आहेत, सुई टोचली तरी कळत नाही. उजवा हात शाबूत होता आणि तो उठायचा. पहिली थप्पड लग्नानंतर चौथ्या महिन्यात, वरणात मीठ जास्त झालं म्हणून. पुढे मिठाचीही गरज राहिली नाही.

मी सदरला शाळेत गणित शिकवते. लग्न केलं नाही. ज्यांनी केलं त्यांच्याकडे बघूनच माझं पोट भरलं. शाळेतली मुलं मला टरकून असतात आणि मला ते आवडतं. ताईच्या घरी गेले की मात्र मला दात आवळून बसावं लागे. दोनदा मी तिला ठाण्यात नेण्यासाठी रिक्षा दारात आणली आणि दोन्ही वेळा तिनं रिक्षावाल्याला परत पाठवून दिलं. समृद्धीचं लग्न व्हायचं आहे, म्हणाली.

आता ती एक गोष्ट. ताईला बर्फ पाहायचा होता. कारण काही नाही, उगाच. समृद्धीच्या मोबाइलवर औलीचे व्हिडिओ यायचे. पायाला लांब फळ्या बांधून पोरं उतारावरून सुसाट जाताहेत, पडताहेत, हसताहेत. ताई कणीक मळता मळता मान वाकडी करून ते बघायची. मला एकदा म्हणाली की घसरायचं वगैरे काही नाही, फक्त पायाखाली दाबून पाहायचा, आवाज कसा येतो ते ऐकायचं. नवरा रोज बर्फातून घरी येतो आणि बायकोनं बर्फ पाहिलेला नाही, हे तिचं तिलाच हसू यायचं.

आम्हाला भाऊ नाही. म्हणून ताईच्या लग्नानंतर आईनं एक पद्धत पाडली होती. भाऊबीजेला मी जिजाजींना ओवाळायचं, आणि मी जे मागेन ते त्यांनी तबकात टाकायचं. आई गेली तरी पद्धत चालू राहिली. नथ्थूमध्ये एकच चांगली गोष्ट होती, किंवा मला ती चांगली वाटायची. चार माणसांसमोर तबकात दिलेला शब्द तो मोडायचा नाही. त्याला त्याचा भारी अभिमान होता. घड्याळ म्हटलं की घड्याळ, साडी म्हटलं की साडी.

गेल्या भाऊबीजेला त्याचा भाऊ, भावजय आणि शेजारची दोन माणसं पाटावर फराळाला बसली होती. मी ओवाळलं आणि सरळ म्हटलं, "जिजाजी, या वेळी ओवाळणीत औली. तुम्ही, ताई, समृद्धी आणि मी. नाताळच्या सुट्टीत."

 त्यानं खिशातून रुपया काढून तबकात टाकला आणि मोठ्यानं हसला. "चलो, दे दी. बरफ ही तो है."

सगळे हसले. मीही हसले. शब्दात अडकवलेला माणूस म्हणजे वठणीवर आलेला माणूस, असा माझा हिशेब होता. मुलांना गणित शिकवते मी, आणि माझा हिशेब असा.

दुसऱ्या दिवशी सकाळी फराळाचा डबा परत द्यायला गेले तर ताईचा खालचा ओठ फाटून सुजला होता. मला चारचौघांत उघडं पाडायला तूच शिकवलंस तिला, असं म्हणून त्यानं मारलं होतं. मला तो काही बोलला नाही. उलट विचारलं, तिकिटं कधी काढायची. शब्द तो पाळणार होता, फक्त त्याची वसुली ताईकडून करणार होता.

आणि मग तसंच होत गेलं. समृद्धीनं दिल्लीची तिकिटं काढली, त्या संध्याकाळी गरम वरणाचं ताट ताईच्या अंगावर आलं. ऋषिकेशहून वर न्यायला जीप ठरवली, त्या दिवशी केसांना धरून डोकं ओट्यावर आपटलं. तिबेट्यांच्या बाजारातून आम्ही ताईसाठी लाल जॅकेट आणलं. ते त्यानं हातात घेऊन उलटसुलट पाहिलं, रंग चांगला आहे म्हणाला, आणि तापलेली इस्त्री त्याच्या पाठीवर ठेवली. जॅकेटला भोक पडेपर्यंत थांबला. मग तीच इस्त्री ताईच्या दंडाला लावली. समृद्धी मधे पडली तर तिला भिंतीवर ढकललं.

ताईनं भोकावर हिरव्या कापडाचं ठिगळ लावलं. छान लावलं, पानासारखं कापून. ते बघून माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, पुरे झालं, मी जिजाजींना सांगते, मला औली नको, ओवाळणी परत घ्या. एवढं बोलले असते तर निदान हा मार थांबला असता, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.

ताईनं सुई खाली ठेवली. "मार तर तसाही होताच, पुन्नी. तेवीस वर्षं खाल्ला, काहून खाल्ला ते कधी समजलं नाही. आता कशासाठी खाऊन राहिली ते माहीत तरी आहे मले. तू परत घेशील तर मी तुझ्याशी बोलणार नाही."

मी परत घेतलं नाही. तिच्यासाठी नाही घेतलं, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे त्या माणसापुढे माघार घ्यायची माझीच तयारी नव्हती.

निघायच्या पाच दिवस आधी नथ्थूनं मालकाकडे सुट्टी मागितली. ऐन मटारच्या हंगामात कोल्ड रूमवाल्याला सुट्टी मिळत नाही, हे त्यालाही माहीत होतं. मालकानं हमालांसमोर त्याची थट्टा केली. रोज बर्फातच तर असतोस नथ्थू, अजून कुठला बर्फ पाहायचा राहिला? हमाल हसले. तो भर दुपारी घरी आला आणि ताईला म्हणाला की बहिणीला फोन कर आणि सांग, मलाच यायचं नाही. म्हणजे शब्द त्याचा मोडला नसता, तिचा मोडला असता.

ताई म्हणाली, "तुम्ही नका येऊ. आम्ही तिघी जाऊन येतो."

एवढंच. तेवीस वर्षांत पहिल्यांदा. त्यानं तिचा दंड धरला, भाजलेलाच, आणि तिला घरातल्या साडीवर, चपलेविना मोटरसायकलवर बसवलं. "चल, तुझे बरफ दिखाता हूँ."

मी नेमकी त्याच वेळी प्रवासासाठी बॅगा द्यायला येत होते. गल्लीच्या तोंडाशी समृद्धी धावत आली आणि त्यानं आईला कारखान्यात नेल्याचं तिनं एका दमात सांगितलं. तिला स्कूटीवर मागे घेतलं आणि आम्ही निघालो. कांचघर ते अधारताल मी कशी गाडी चालवली ते मला आठवत नाही. एका भाजीवाल्याची टोपली उडाली, तेवढं आठवतं.

कारखान्याच्या फाटकावर मोहन नावाचा चौकीदार आहे, समृद्धीला लहानपणापासून ओळखणारा. त्यानं आम्हाला अडवलं नाही, खाली बघितलं आणि फाटक उघडलं. आत मटार निवडणाऱ्या वीस-पंचवीस बायका पट्ट्याशी उभ्या होत्या. सगळ्यांचे हात चालू होते, एकीनंही मान वर केली नाही. त्यांच्या पलीकडे कोल्ड रूमचं दार, आणि दाराशी प्लास्टिकच्या क्रेटवर नथ्थू बसलेला. दारावर आतून थापा पडत होत्या, पण फार हळू.

"बस, पाच मिनिट और," तो मला म्हणाला. "शौक पूरा होने दो."

त्या दारामागे भिंतीवर एक लाल बटण असतं. ते दाबलं की दार आतून उघडतं. नव्या कामगाराला पहिल्याच दिवशी दाखवतात. ताईला ते कुणी दाखवलं होतं? पुढे तो सगळ्यांना हेच सांगत होता की दार तर आतून उघडत होतं, तिनं उघडलं नाही त्याला मी काय करू.

भिंतीला जमिनीवरचा बर्फ खरवडायचं लोखंडी फावडं टेकवलेलं होतं. मी ते उचललं आणि त्याच्या उजव्या हातावर घातलं. उजव्याच, ठरवून. तो ओरडला आणि क्रेटवरून खाली पडला. त्यानं हात पोटाशी घेतला तर मी पायानं तो बाहेर ओढला, फरशीवर दाबला आणि पुन्हा घातलं. हाड मोडल्याचा आवाज आला. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. तिसऱ्यांदा मी फावडं उचललं ते त्याच्या डोक्यासाठी होतं. फाटकावरून धावत आलेल्या मोहननं मागून माझे दोन्ही हात धरले नसते तर आज मी हे तुरुंगात बसून लिहिलं असतं.

दार समृद्धीनं उघडलं. ताई दाराला लागूनच उभी होती. भुवया पांढऱ्या, ओठ निळे, तळहातांची कातडी दाराच्या पत्र्याला चिकटून सोललेली. पाय उचलायचे तर तिला जमेना. समृद्धीनं तिला अक्षरशः उचलून बाहेर आणलं. तिनं नवऱ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या फावड्याकडे. 

दवाखान्यात नथ्थूनं डॉक्टरांना सांगितलं की बर्फावरून पाय घसरला. मेहुणीनं मारलं हे सांगायला त्याची जीभ रेटली नाही. इतकी वर्षं ताई ज्या डॉक्टरांना हेच सांगत आली होती, त्यांनी ते मुकाट्यानं लिहून घेतलं. हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये गेला. कुशीवर वळून तो ताईला म्हणाला, "दिलेला शब्द आहे, जाऊन ये. आल्यावर बघतो."

त्याच्या भावजयीनं तिला खूप ऐकवलं. नवऱ्याचा हात मोडलाय आणि बायको हवा खायला चालली. मला वाटलं, आता ही खचली. पण ताईनं भावजयीला डाळ-तांदूळ कुठे आहेत ते दाखवलं, आपल्या हातांच्या पट्ट्या बदलल्या आणि ठिगळाचं जॅकेट घालून आमच्याबरोबर स्टेशनवर आली.

जबलपूर ते दिल्ली ती झोपून होती. ऋषिकेशनंतर खिडकीतून डोंगर बघत राहिली. परत गेल्यावर काय, हा विषय मी तीनदा काढला आणि तिन्ही वेळा तिनं समृद्धीला पाणी प्यायला लावलं. मी मनात ठरवून टाकलं होतं की तिला त्या घरी पाठवायचं नाही, माझ्याकडे ठेवायची. तिला विचारलं नव्हतं.

औलीला पोचलो तेव्हा लख्ख ऊन पडलं होतं. रात्री बर्फ पडून गेलेला, सगळा उतार पांढरा. पोरं फळ्या बांधून घसरत होती, थेट त्या व्हिडिओंसारखी. समृद्धी जीप थांबायच्या आत उतरली, पळाली, गुडघ्यापर्यंत रुतली आणि पडल्या पडल्या हसायला लागली. मी उतरले. ताई उतरेना.

दोन्ही पट्ट्यांचे हात मांडीवर घेऊन ती जीपमध्ये बसून राहिली. बाहेर बघतही नव्हती, समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत होती. मी म्हटलं, चल. नको, म्हणाली. मी समजावलं, इतक्या लांब आलो. नको. समृद्धी बाहेरून हाका मारत होती. मी पुन्हा म्हटलं, ताई, पाय तरी टेकव. तिनं मान हलवली.

माझं डोकं फिरलं. एवढं सगळं, तो ओठ, ती इस्त्री, ते दार, मी त्या माणसाचा हात मोडला तो, सगळं ह्याच्यासाठी, आणि ही बसून राहते? मी दार सताड उघडलं, ओरडले, "उतर म्हणते ना मी," आणि तिचा दंड धरून तिला बाहेर ओढलं.

ताईनं दोन्ही हात डोक्यावर घेतले, मान आत ओढली आणि डोळे मिटले.

"उतरून राहिली ना," ती म्हणाली, "उतरून राहिली. मारू नको."

आणि ती उतरली. बर्फात दोन्ही पाय टेकून उभी राहिली, हात तसेच डोक्यावर. समृद्धी हसायची थांबली होती आणि माझ्याकडे बघत होती. मी ताईचा दंड अजून सोडला नव्हता.