चिमणी दहा फूट वाढवल्यावर

पटांगणभर वाफवलेलं धान पसरलं होतं आणि ते फिरवायला एकही बाई आली नव्हती.

बालाघाटला माझी उसन्याची मिल होती. उसना म्हणजे धान भिजवून, वाफवून, वाळवून मग कांडलेला तांदूळ. वाळताना ते पायाने सारखं फिरवावं लागतं. नाही तर वरचं तडकतं, खालचं आंबतं. दुपारपर्यंत अख्खा घाणा वाया गेला असता.

वाफेसाठी बॉयलर, बॉयलरमध्ये जळायला धानाचा भुसा. त्याची राख मिलमागच्या पहिल्या गल्लीत पडायची. तिथे मास्तर, कारकून आणि एक वकील राहायचे. वकीलसाहेबांच्या धोतरावर राख पडली, की दुसऱ्या दिवशी नगरपालिकेत अर्ज. मला हवेची नाही, लायसन्सची काळजी. मी चिमणी दहा फूट वाढवली. अर्ज थांबले. वकीलसाहेबांनी चहाला बोलावलं.

राख मात्र होती तेवढीच होती. ती आता दुसऱ्या गल्लीत पडत होती, आणि तिथे माझ्याच मिलमधल्या बाया राहायच्या.

मी तरातरा तिकडे गेलो. बायांची मुकादम कौतिकाबाई खाटेवर वाळत घातलेल्या पापडांवर लुगडं अंथरून बसली होती.

"काहून नाई आल्या कोणी?"

"पापड झाकून राह्यलो, मालक. पोरीच्या लग्नाचे हायेत." तिने एक पापड माझ्या हातात दिला. "खाऊन पाहा."

दाताखाली कचकच झाली.

"अगं, मग अर्ज करायचा."

"आमाले लिवता येत नाई. घरी बसता येते."

मला लाज वाटली. धानाची काळजी त्याहून जास्त वाटली, खोटं कशाला बोलू?

"पापड वाळेपर्यंत बॉयलर बंद," मी म्हणालो. "मग राखेचा बंदोबस्त करतो."

"पक्कं?"

"हौ."

बाया आल्या. निम्मं धान वाचलं, निम्मं आंबलं. मिल आठ दिवस बंद ठेवली आणि चिमणीआधी विटांची एक खोली बांधली. तळाला पाणी. धूर त्या खोलीतून वळसा घालून जायचा, राख पाण्यात बसायची. सगळी नाही, पण बरीचशी.

बांधकाम चालू असताना वकीलसाहेब डोकावले. "आता हा खर्च कशाला? आता तर कोणाची तक्रार नाही."

मिल काढणाऱ्याला मी एवढंच सांगतो: तक्रारी बंद झाल्या, की राख आता कोणावर पडतेय ते बघून यावं. आणि धान वाफवायच्या आधी जावं.