पत्र्याची नळी

भिवंडीत शुक्रवारी कापडाचे लूम बंद. आमच्या कामतघर भागात त्या दिवशी एवढी शांतता व्हायची की माझ्या कानात उगीच खटखट चालू राहायची. सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी साल असेल. मी आठवीतून शाळा सोडून परभणीकडून आलेला. कारखान्याच्या माळ्यावर झोपायचो आणि आमच्या मालकांच्या, म्हणजे चाचांच्या, घरचं जेवायचो. त्या जेवणाला मी अजून जागतो.

अशाच एका शुक्रवारी नमाजानंतर चाचा म्हणाले, "चल, शेलार गावाला. पोरांना नेलं तर सवाल विचारत बसतील. तू घाबरट हायस, गप राहशील."

त्यांच्या काखेत पत्र्याची एक नळी होती. धामणकर नाक्यावर रिक्षा मिळेपर्यंत आणि पुढे रिक्षात त्यांनी मला सगळं सांगितलं.

मोठ्या लढाईच्या काळात चाचा मालाच्या बोटीवर भट्टीत कोळसा टाकायचे. बोटीत कधी गहू, कधी पलटणीचं सामान. अंधार पडला की डेकवर विडी पेटवायचीसुद्धा बंदी. सोबत शेलारचा एक जोडीदार. खलाशाचे कागद भिजू नयेत म्हणून प्रत्येकाकडे अशी नळी असे. या दोघांच्या नळ्या एकाच खुंटीवर. टॉर्पेडो लागला आणि चहा निवायच्या आत बोट खाली गेली. चाचांनी हाताला आली ती नळी कमरेला बांधून उडी मारली. ती जोडीदाराची होती.

बेशुद्ध चाचांना दुसऱ्या बोटीने उचललं. कागद बघून शेलारला तार गेली, तुमचा माणूस वाचला. चाचांच्या घरी ते बुडाले म्हणून रडारड. चाचा शुद्धीवर येऊन स्वतःचं नाव सांगेपर्यंत चार दिवस गेले. मग शेलारला दुसरी तार, तुमचा माणूस बुडाला.

"त्याच्या बायकोच्या दारात कुठल्या तोंडानं जाणार होतो मी?" चाळीस वर्षांत चाचा शेलारच्या एका लग्नालासुद्धा गेले नव्हते. परवा डॉक्टरांनी छातीचं काही सांगितलं, म्हणून आज निघाले.

बाईने शिव्याशाप दिले आणि चाचांना तिथेच काही झालं, तर?

म्हातारी ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत होती. चाचांनी नाव सांगितलं. तिने मान वर केली नाही.

"वळखलं. एवढ्या वर्षांत रांगत निघाला असतास तरी पोचला असतास."

चाचांनी नळी पुढे धरली. "ही तुझ्या घरवाल्याची. माझ्या चुकीनं तुला खोटी तार..."

"खोटीच व्हती," ती म्हणाली. "पण चार दिस माझा माणूस जिता व्हता. गावभर गूळ वाटला मी, नव्या बांगड्या भरल्या. लगीन झालं नि तो बोटीवर गेला. त्याची खुशी करायला मला तेवढेच दिस गावले. ते आता परत घ्यायला आलास काय?"

चाचांनी नळी ओट्यावर ठेवली. तिने नळी उघडली. कागदावर नवऱ्याचा अंगठा उमटलेला होता. त्यावर तिने आपला अंगठा ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "हा कोण? बस रे. च्या ठेवते."

परतताना काखेत काही नव्हतं, तर चाचांना हात कुठे ठेवावा ते कळेना. मांडीवर ठेवून पाहिला, मग रिक्षाच्या दांडीवर. शेवटी तो माझ्या खांद्यावर आला, आणि नाका येईपर्यंत तिथेच राहिला.