शंकासर आणि तिघांचा पहिला अल्बम

शंकासरांना कुणी “वा!” म्हटलं, की ते वाजवायचे थांबत आणि चष्म्यावरून त्या माणसाकडे पाहत. “काहून? काय आवडलं तुले?” समोरचा गडबडला, की पियानोचं झाकण बंद. यवतमाळात आम्ही त्यांना पाठीमागे शंकासरच म्हणायचो.

ते शाळेत संगीत शिकवत. निवृत्तीनंतर त्यांनी आम्हा दोन जुन्या विद्यार्थ्यांना गोळा केलं. सलीम ड्रमवर; त्याच्या घरचं पांढरकवड्याला गॅरेज. आणि मी बासवर. माणसाहून उंच वाद्य पोटाशी धरून उभा राहणारा. आम्ही जॅझ वाजवतो म्हटलं, की लोक विचारत, “वरातीले येता काय?” सर आम्हाला दटावत, “हो म्हणू नका, नाही म्हणू नका. हा कायले विचारून राह्यला ते आधी पाहा.”

शाळेच्या सभागृहातला जुना पियानो सुरात लावायला नागपूरहून कारागीर आला, तेव्हा सर त्याच्या शेजारीच खुर्ची टाकून बसले. चांगल्या तारा काढून नेईल म्हणून. चहा मात्र घरून आणून पाजला.

उन्हाळ्याच्या सुट्टीत तिथंच आमचा अल्बम रेकॉर्ड झाला. आवाज नको म्हणून पंखे बंद, सलीमचा घाम ड्रमवर टपकतोय, आणि सर रेकॉर्डिंगवाल्याच्या मानगुटीवर. “माह्या डाव्या हाताचा आवाज दाबून राह्यला तू.” शेवटी पियानो इतका वर आला, की माझा बास कान देऊन शोधावा लागे.

अल्बम इंटरनेटवर आला. मुंबईच्या एका समीक्षकानं भरभरून लिहिलं, या संगीताला कापसाच्या काळ्या मातीचा गंध आहे म्हणे. मी ते सगळ्या नातेवाइकांना पाठवलं. सर म्हणाले, “कापूस कुठं वाजवला आपण? यानं ऐकलंच नाही. गावाचं नाव वाचलं अन् लिहून टाकलं.” दुसरीकडे स्तुती आली, तर त्यांचा संशय सलीमवर. त्यानंच कुणाला तरी सांगून लिहवून घेतलं असणार!

मग टोपणनावानं एक परीक्षण आलं. ‘पियानोवादकाचा सोबत्यांवर विश्वास नाही. बासची एकट्यानं वाजवायची पाळी आली तरी याची बोटं थांबत नाहीत. याला त्रिकूट कसं म्हणावं? एक माणूस आहे आणि त्याचे दोन संशयित.’

पुढच्या तालमीला सरांनी पियानो उघडलाच नाही.

“बाहेरच्या माणसाले हे नाही समजत. आतल्याचं काम आहे.” ते माझ्याकडेच पाहत होते.

“सर, खुदा कसम, आम्ही नाही,” सलीम म्हणाला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. “मी नाही लिहिलं सर. पण त्यात खोटं काय आहे?”

सर उठून गेले. नागपूरचा कार्यक्रम तोंडावर होता. फोन उचलेनात. कार्यक्रमाच्या संध्याकाळी ते आले खरे, पण आमच्याशी न बोलता थेट पियानोवर बसले.

तिसऱ्या रचनेत माझी पाळी आली आणि सरांनी दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले. इतकी वर्षं त्यांच्या सुरांच्या आडोशानं वाजवायची सवय. एकदम उघड्यावर आल्यासारखं झालं. मी अडखळलो. सलीमनं हलकेच ठेका धरून ठेवला. मग बोटांना वाट सापडली. सर खाली मान घालून ऐकत होते.

परतताना कळंबला चहाला थांबलो. सर म्हणाले, “मले अजूनही वाटते, तूनंच लिहलं.”

“नाही सर.”

“बरं. ज्यानं लिहलं, त्यानं ऐकलं होतं.”

पुढे त्यांचे हात थरथरू लागले आणि मुलीनं त्यांना हैदराबादला न्यायचं ठरवलं. हैदराबादची बस पांढरकवड्याहून मिळे; तिथल्या स्टँडवर आम्ही दोघं पोचवायला गेलो. बसमध्ये बसल्यावर खिडकीतून म्हणाले, “पियानोवर नवा माणूस येईन. त्याच्यावर नजर ठेवजा.”

आम्ही मान डोलावली. बस सुरू झाली, वळली, तसं सरांनी डोकं बाहेर काढलं आणि ओरडले, “राहू द्या! वाजवू द्या त्याले!”